निरुद्देश फेरीचे मोल

मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, या शहरातील मैलापूर ही वस्ती त्या शहराहूनही पुरातन आहे. तमिळ भाषेत मोराला ‘मयिल’ म्हणतात. पार्वतीने मयूरीच्या रूपाने येथे शिवाची आराधना केली, अशी कथा असून गावाच्या नावाचा संबंध त्या मोराशी जोडला जातो. कपालीश्वराचे मंदिर, त्याच्या पश्चिमेस विस्तीर्ण तळे आणि मंदिर व तळे यांना वेढणारे चार रस्ते, अशी या वस्तीची रचना आहे. या चार रस्त्यांना ‘माड वीथी’ म्हणतात. उत्सवात देवाची मिरवणूक याच मार्गाने निघते. एरवी फुलांच्या माळा, भाजीपाला, पितळेची भांडी आणि नवरात्रातील बाहुल्या यांच्या विक्रीने हे रस्ते गजबजलेले असतात.

या रस्त्यांशी एका मोठ्या रचनाकाराचे नाव कायमचे जोडले गेले आहे. पापनाशम् शिवन् यांचा जन्म तंजावर जिल्ह्यात १८९० साली झाला आणि पुढे ते मैलापुरात स्थायिक झाले. धनुर्मासातील पहाटे ते भजन गात चारही माड वीथींची प्रदक्षिणा करीत आणि गाणाऱ्यांचा मेळा त्यांच्या मागे चाले. १९७३ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या रचनांपैकी कितीतरी कपालीश्वर व कर्पगांबा या मैलापूरच्या दैवतांवर आहेत. कांभोजी रागातील त्यांच्या एका प्रसिद्ध कृतीचा विषय तर कपालीची मिरवणूक पाहण्याचा आनंद हाच आहे. रस्ते तेच, देव तोच, प्रहरही तोच. तरीही रचना मात्र नवी. नव्या कल्पनेसाठी नवा देश पाहावाच लागतो असे नाही, ठरलेल्या वाटेवर मोकळ्या मनाने पुनःपुन्हा जावे लागते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

शिवन् यांची फेरी भक्तीची होती आणि सामुदायिक होती. ज्याच्यापाशी तशी भक्ती नाही, तसा गळा नाही, त्या सामान्य माणसाने काय करावे? अमेरिकन लेखिका ज्युलिया कॅमेरॉन यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात यावर एक साधा उपाय सुचविला. आठवड्यातून एकदा, ठरवून, थोडा वेळ एकट्याने बाहेर पडावे आणि ज्यात मन रमेल असे काहीतरी करावे. यात तीन अटी आहेत. फेरी नियमित हवी, एकट्याची हवी आणि ती खेळासारखी हवी. तिच्यातून काही मिळविण्याचा हिशेब नको.

कर्तव्यदक्ष मनुष्याला हा सल्ला आळसाचा वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यामागे कारणपरंपरा आहे. इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली नवनिर्मितीच्या चार पायऱ्या सांगितल्या : पूर्वतयारी, मनातल्या मनात मुरणे, अकस्मात होणारा प्रकाश आणि शेवटी पडताळा. यांतील दुसरी पायरी बुद्धीला विश्रांती दिल्यावाचून गाठता येत नाही. फ्रेंच गणिती प्वांकारे यांनी आपला अनुभव नमूद करून ठेवला आहे. एका प्रश्नावर त्यांनी पंधरा दिवस डोके खपविले. पुढे ते भूगर्भशास्त्रीय सहलीस गेले असता, प्रवासी गाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताक्षणी, त्या गणितातील एक महत्त्वाचे नाते त्यांना स्पष्ट दिसले. त्या वेळी त्यांच्या मनात गणित नव्हते. तथापि, आधीचे पंधरा दिवस नसते तर ती पायरीही निष्फळ ठरली असती, हे विसरून चालणार नाही. भटकंती ही श्रमाच्या जागी येत नाही, ती श्रमाला फळ धरू देते.

चालण्याचा परिणाम प्रयोगानेही तपासला गेला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली असे दाखविले की, बसलेल्या माणसापेक्षा चालणाऱ्या माणसाला एकाच वस्तूचे अधिक निरनिराळे उपयोग सुचतात. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्राच्या पट्ट्यावर चालले, तरीही हा लाभ होतो आणि बसल्यानंतरही तो काही काळ टिकतो. मात्र ज्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असते, तेथे चालण्याने मदत झाली नाही. सारांश, जमाखर्च मेजावर बसूनच तपासावा आणि नवी योजना पायी फिरताना शोधावी.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. व्यवसायाने ते गणिती होते. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवरून हिंडताना त्यांना अश्मयुगीन माणसाची लहान लहान दगडी हत्यारे सापडत गेली. त्या हत्यारांचा, जुन्या पायवाटांचा आणि ग्रामदेवतांच्या ठाण्यांचा परस्परसंबंध त्यांच्या ध्यानी आला. त्यांचे १९६२ सालचे ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हे पुस्तक अशा पायी केलेल्या निरीक्षणांवर उभे आहे. ज्या वाटेने हजारो लोक गेले, त्याच वाटेवर त्यांनी इतिहास वाचला.

एकटेपणाची अट येथेच उपयोगी पडते. सोबत कोणी असले की मनुष्य बोलतो, आणि बोलणे परिचित विषयांवरच फिरते. हातातील दूरध्वनी हाही एक सोबतीच होय, म्हणून तोही खिशात राहू द्यावा. मात्र एकट्याने बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे लाभलेले नाही, हेही मान्य केले पाहिजे. घरातील स्त्रीला काही कामाचे निमित्त असल्यावाचून उंबरा ओलांडणे अजूनही अनेक ठिकाणी अवघड जाते. मैलापूरच्या स्त्रियांनी त्या उंबऱ्यापाशीच एक जागा निर्माण केली. पहाटे दारात सडा घालून, पिठाचे ठिपके मांडून, त्यांच्याभोवती रेषा वळवीत त्या कोलम रेखाटतात. दुपारपर्यंत ते पायांखाली पुसले जाते आणि दुसऱ्या दिवशी नवे उमटते. याच शहरातील मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधील गिफ्ट सिरोमनी व रानी सिरोमनी या संशोधकांनी कोलमच्या रचनेवरून आकृतींचे गणिती व्याकरण मांडले. तेव्हा त्या पहाटेच्या खेळात किती बुद्धी दडलेली आहे, हे विद्वानांच्याही ध्यानात आले. तथापि अंगणातील या पाव तासावर घराने समाधान मानू नये. आठवड्यातील एक तास घरातील कामे दुसऱ्याने उचलून तिला मोकळा करून देणे, हे त्या घराचे कर्तव्य आहे.

या फेरीसाठी पैसा लागत नाही. मैलापूरच्या रहिवाशाने एके दिवशी माड वीथींची प्रदक्षिणा केवळ आवाज ऐकत करावी, दुसऱ्या दिवशी केवळ दारांवरील नक्षी पाहत. कधी नागेश्वरराव उद्यानात बसावे, कधी सांथोमचा समुद्र पाहावा. कधी लझ भागातील रानडे ग्रंथालयात शिरून अनोळखी विषयाचे पुस्तक चाळावे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ हे ग्रंथालय मद्रासकरांनी उभारले, हे मराठी माणसाने आवर्जून पाहावे असे आहे. अन्य गावांतही बाजारपेठ, नदीचा घाट, टेकडी किंवा जुने देऊळ असतेच. परतल्यावर दिसलेली एकच गोष्ट दोन ओळींत टिपून ठेवावी. तिचा उपयोग काय, हे त्या दिवशी विचारू नये. पहिल्या दोनचार फेऱ्यांत काहीच सुचले नाही, तरी वार व वेळ मोडू नये. कारण ही सवय मुळाशी धरण्यास वेळ लागतो.