दुर्बिणीत न दिसणारं अपचन

चार घास खाल्ले की पोट गच्च होतं, मग ढेकरा, मळमळ, वरच्या पोटात जळजळ. महिनोन्महिने असं चालल्यावर दुर्बिणीने तपासणी होते आणि अहवाल येतो, सगळं ठीक आहे. मग घरचे म्हणतात, ‘मनाचे खेळ आहेत.’ हे चूक आहे आणि त्रास सोसणाऱ्यावर अन्याय करणारंही. दुर्बिणीला जठराचं अस्तर दिसतं; जठराचं काम कसं चाललंय, हे दिसत नाही.

घास पोटात पोचला की जठराचा वरचा भाग सैलावून जागा करतो. खालचा भाग अन्न घुसळतो आणि थोडं थोडं आतड्यात सोडतो. भरपेट जेवण पुढे सरकायला चारेक तास लागतात. या कामावर मेंदूकडून येणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूची देखरेख असते. ताणाखाली मेंदू शरीराला झुंजायला सज्ज करतो आणि पचन मागे पडतं. जठर नीट सैलावत नाही, म्हणून थोडक्यातच पोट भरतं. अन्न रेंगाळतं, म्हणून जडपणा टिकतो.

जठराचं हे काम डोळ्यांनी पाहिलेला माणूस म्हणजे अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँ. 1822 मध्ये मॅकिनॅक बेटावर बंदुकीच्या गोळीने जखमी झालेल्या अलेक्सिस सेंट मार्टिनच्या पोटाला कायमचं छिद्र राहिलं. त्यातून बोमाँ वर्षानुवर्षं पचन पाहत राहिला. राग आला की पचन बिघडतं, हेही त्याने नोंदवलं.

ताण लांबला की आणखी एक गोष्ट घडते: जठराच्या संवेदना तीव्र होतात. जठरात छोटा फुगा फुगवून केलेल्या चाचण्यांत अशा अनेक रुग्णांना इतरांपेक्षा कमी दाबालाच दुखू लागतं. दुखणं खरंच असतं. अपुरी झोप ते वाढवते, आणि दुखण्याची धास्ती पुन्हा ताण वाढवते.

सवयी इथेच भर घालतात. नाश्त्याऐवजी चहा, दुपारी पडद्याकडे बघत घाईने गिळलेला डबा, घरी पोचून दहाला भरपेट तळकट जेवण आणि लगेच आडवं होणं. तेलतुपाने जठर आणखी सावकाश रिकामं होतं. सिगारेटने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडप ढिली पडते. ताणाने डोकं दुखतं म्हणून वरचेवर घेतलेली वेदनाशामक गोळी अस्तरालाच इजा करू शकते. माझ्या मते ही सवय सगळ्यांत आधी सुटायला हवी.

रात्रीचं जेवण थोडं, आणि झोपण्याच्या दोन-तीन तास आधी घ्या. जेवणानंतर शतपावली, दिवसातून दोनदा सावकाश पोटाने श्वास. काही आठवडे तरी नेमाने करा. हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जंतूची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. मात्र वजन घटत असेल, शौचाला काळं होत असेल, रक्ताची उलटी झाली किंवा घास अडकू लागला, तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत गोळी शोधत बसू नका. तडक रुग्णालय गाठा.