कळसूबाईवरचा एक अंश

तुमच्यापैकी कोणी एखाद्या गडावर किंवा डोंगरावर जाऊन आले की घरात काय होते, ते आठवून पाहा. तुम्ही अजून दारात बूट काढत असता, पोटऱ्या भरून आलेल्या असतात आणि तेवढ्यात आईने शेजारच्या काकूंना सांगूनही टाकलेले असते, "आमची पोरगी कळसूबाईवर जाऊन आली हो!" वडील इतके उघड बोलत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी कचेरीत चहाच्या वेळी ते विषय बरोबर डोंगरांकडे वळवतात. मीही त्यांच्यातलाच एक आहे.

या अभिमानात वावगे काही नाही. २० मे २०२४ रोजी मुंबईच्या काम्या कार्तिकेयनने वयाच्या सोळाव्या वर्षी एव्हरेस्टवर पाऊल ठेवले, तेव्हा तिचे वडीलही तिच्याबरोबर होते. त्या क्षणी त्यांना काय वाटले असेल, हे कोणत्याही आईबापांना सांगावे लागणार नाही. मात्र मोजमापाच्या कामात अभिमान ही जरा जपून हाताळायची वस्तू आहे. ती कशी, हे मला गेल्या डिसेंबरात कळले. गोष्ट माझ्याच घरातली आहे आणि तिच्यातली चूकही माझीच आहे.

उंची मोजायची, पण पाण्याने

माझी मुलगी नववीत शिकते. तिच्या शाळेची सहल कळसूबाईला जायची ठरली. कळसूबाई हे सह्याद्रीतले आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. त्याची उंची १६४६ मीटर. पायथ्याच्या बारी गावातून वाट चढते आणि वाटेत उभ्या कातळावर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. शिड्यांचे नाव काढताच मुलीच्या आईच्या कपाळावर आठ्या पडल्या. "अहो, वारा केवढा असतो तिथे!" मी मात्र परवानगी देऊन मोकळा झालो आणि वर मुलीला एक कामही लावून दिले. म्हटले, "नुसती जाऊन येऊ नकोस. कळसूबाईची उंची मोजून ये."

"मोबाईलवर दिसते की, बाबा!"

"मोबाईल सांगेल ते ऐकणे वेगळे आणि आपण मोजणे वेगळे. तू पाण्याने मोज."

पाण्याने डोंगराची उंची कशी मोजणार? आधी पाणी उकळते म्हणजे काय होते ते पाहू. पाणी तापत जाते तसा त्याच्या वाफेचा दाब वाढत जातो. हा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाण्याच्या पोटात वाफेचे बुडबुडे टिकू लागतात आणि पाणी खळखळू लागते. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंच स्तंभाइतका असतो. तेथे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. आपण उंच जाऊ लागलो की डोक्यावरची हवा कमी होते, तिचा दाब उतरतो आणि पाण्याला उकळण्यासाठी तितके तापावे लागत नाही. आपल्या सह्याद्रीपुरता ढोबळ हिशेब असा की, दर ३०० मीटर चढलो की उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो.

आमचे घर नाशिकला आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, म्हणून येथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळावे. कळसूबाईवर ते ९४.५ ते ९५ अंशांच्या दरम्यान उकळावे. म्हणजे दोन्ही ठिकाणी पाणी उकळायचे, तापमानांतला फरक काढायचा, त्याला ३०० ने गुणायचे आणि त्यात नाशिकची उंची मिळवायची, की झाली शिखराची उंची!

घरी थांबणाऱ्याचे काम

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की नाशिकचे पाणी आज उकळले आणि कळसूबाईचे आठ दिवसांनी, तर चालणार नाही का? चालणार नाही. एकाच जागीसुद्धा हवेचा दाब दिवसागणिक थोडाथोडा बदलतो. वर दिसलेला फरक उंचीमुळे पडला की हवा पालटल्यामुळे, हे कसे ओळखायचे? म्हणून दोन्ही नोंदी एकाच वेळी हव्यात.

ही अडचण फार जुनी आहे आणि तिच्यावरचा उपायही तितकाच जुना आहे. फ्रान्समधील ब्लेझ पास्काल या शास्त्रज्ञाचा असा तर्क होता, की पाऱ्याच्या नळीतला पारा हवेच्या दाबामुळे उभा राहतो. तसे असेल तर डोंगरावर तो खाली उतरला पाहिजे. पास्काल पॅरिसमध्ये होता आणि त्याची प्रकृती तोळामासा होती. त्याने आपल्या बहिणीच्या यजमानांना, फ्लोरँ पेरिये यांना, पत्र पाठवून हे काम सांगितले. पेरिये क्लेरमाँ गावी राहत आणि प्युई द दोम हा डोंगर त्या गावाला लागूनच आहे.

१९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिये काही गावकऱ्यांना बरोबर घेऊन डोंगर चढले. निघण्यापूर्वी त्यांनी पाऱ्याची एक नळी पायथ्याच्या मठातील बागेत उभी करून ठेवली आणि दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवण्यास एका धर्मगुरूंना सांगितले. दुसरी नळी त्यांनी माथ्यावर भरली. तेथे पारा पायथ्यापेक्षा सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली होता! त्यांनी माथ्यावर जागा बदलून पाच वेळा मोजले, कधी आडोशाला तर कधी उघड्यावर. फरक तोच आला. खाली उतरल्यावर धर्मगुरूंनी सांगितले, की बागेतला पारा दिवसभर हलला नाही. तेव्हा पाऱ्याचे उतरणे उंचीमुळेच होते, हे ठरले. डोंगर चढलेल्या पेरियेंचे नाव आपण घेतो. पण बागेत बसून राहिलेल्या त्या धर्मगुरूंवाचून हा प्रयोग अपुराच राहिला असता.

पुढे १७८७ च्या ऑगस्टमध्ये जिनीव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर सुमारे ४८०० मीटर उंचीच्या माँ ब्लाँ शिखरावर गेले आणि तेथे त्यांनी पाणी उकळून पाहिले. ते सुमारे ८६ अंशांनाच उकळले. त्या वेळी त्यांचा मोठा मुलगा खाली शामोनी गावात राहून त्याच वेळच्या नोंदी घेत होता आणि त्यांची पत्नी तेथून दुर्बिणीतून शिखराकडे पाहत होती. तेथे बाप डोंगरावर आणि मुलगा खाली. आमच्याकडे मुलगी डोंगरावर जाणार होती आणि आईबाप खाली राहणार होते.

म्हणून मी बाजारातून लाल द्रवाचे दोन तापमापक आणले. पारा विषारी असतो आणि सहलीत काच फुटू शकते, म्हणून पाऱ्याचे आणले नाहीत. एक मुलीला दिला, एक घरी ठेवला. सकाळी ११ वाजता दोन्हीकडे नोंद घ्यायची ठरली. त्या शनिवारी मला महाविद्यालयात प्रात्यक्षिके होती, म्हणून घरची नोंद तिच्या आईकडे आली. "मला कशाला यात ओढता?" असे म्हणत म्हणत तिने ती जबाबदारी घेतली.

पेरियेंनी डोंगर चढण्यापूर्वी आणखी एक गोष्ट केली होती. ती मात्र मी विसरलो.

एका अंशाचा प्रश्न

शनिवारी प्रात्यक्षिके घेताना माझे लक्ष घड्याळाकडे होते. स्टाफरूममध्ये मी दोन दिवस आधीच जाहीर करून ठेवले होते, की माझी मुलगी कळसूबाईची उंची मोजायला जाणार आहे आणि सोमवारी आकडा सांगतो!

रात्री मुलगी परतली. चेहरा उन्हाने रापलेला, केसांत धूळ. तिने जेवणाआधी वही उघडली. शिखराच्या थोडे खाली एका मावशींची चहाची टपरी होती. मुलीने त्यांना नुसते पाणी उकळून मागितले, तेव्हा मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "पाणी उकळंल गं, पण डाळ टाकशील तर शिजता शिजायची नाही. ती मी खालूनच शिजवून आणते." हवेचा दाब आणि उत्कलनबिंदू यांचा संबंध मावशी पुस्तकावाचून जाणून होत्या. शिजण्याला खळखळाट नव्हे, तापमान लागते.

नोंद अशी होती : सकाळी ११ वाजता, ९६ अंश. पाच मिनिटांनी पुन्हा ९६. नंतर मैत्रिणीला आकडा न सांगता वाचायला लावले, तिनेही ९६ सांगितले. घरची नोंद होती ९८ अंश.

फरक २ अंश. म्हणजे ६०० मीटर. त्यात नाशिकचे ६०० मिळवले, तर कळसूबाईची उंची १२०० मीटर! जवळजवळ साडेचारशे मीटर डोंगर हरवला होता.

सोमवारची स्टाफरूम माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली आणि मी बोलून गेलो, "९५ असेल गं. वाफेत नीट दिसले नसेल. ९५ लिही, म्हणजे हिशेब जुळेल."

मुलगी म्हणाली, "बाबा, मी ९६ पाहिले. ९५ कसे लिहू?"

मी गप्प झालो. दरवर्षी माझ्या वर्गात काही विद्यार्थी लोलकाचा प्रयोग करतात आणि गुरुत्वीय त्वरणाचे उत्तर ९.८ यायलाच हवे म्हणून आंदोलनांचे वेळ मागाहून बसवतात. त्यांच्या वह्यांवर मी लाल शाईने काय काय लिहितो, ते त्यांनाच ठाऊक! आणि घरी मी मुलीला तेच करायला सांगत होतो. कारण काय, तर तिच्याविषयी फुशारकी मारून बसलो होतो.

एकाच भांड्यात दोन तापमापक

मार्ग तिच्या आईने दाखवला. ती म्हणाली, "माझ्या वजनकाट्यात आणि वाण्याच्या वजनकाट्यात फरक निघतो. तुमचे हे दोन तापमापक सारखेच आहेत, हे तुम्ही पाहिलेत का?"

पाहिले नव्हते! पेरियेंनी केलेली आणि मी विसरलेली गोष्ट हीच. डोंगर चढण्यापूर्वी त्यांनी दोन्ही नळ्या एकाच जागी भरून दोन्हींत पारा सारखाच उभा राहतो, याची खात्री करून घेतली होती.

रविवारी सकाळी आम्ही एकाच भांड्यात पाणी उकळले आणि दोन्ही तापमापक शेजारी शेजारी धरले. घरचा तापमापक ९८ दाखवत होता आणि कळसूबाईवर जाऊन आलेला ९९. तो एक अंश जास्त सांगत होता!

म्हणजे शिखराजवळचे खरे तापमान ९६ वजा १, ९५ अंश. फरक ३ अंश, ९०० मीटर. नाशिकची उंची धरून १५०० मीटर. पुस्तकातल्या उंचीशी अजूनही १४६ मीटरांची तफावत होती. पण तापमापकावर एकेका अंशाच्याच खुणा होत्या आणि वाचनात अर्ध्या अंशाची चूक झाली तरी १५० मीटरांचा फरक पडतो. शिवाय टपरीही शिखराच्या थोडी खाली होती. दोन साध्या तापमापकांनी इतके साधले, हे पुष्कळ झाले.

आता गंमत पाहा. मी शनिवारी ९५ लिही म्हटले होते आणि खरे उत्तरही ९५ च निघाले. मग माझे बरोबर होते का? नाही. मी आकडा आधी ठरवला होता आणि कारण शोधलेच नव्हते. तिने ते ९५ लिहिले असते, तर तापमापकातला दोष कधीच कळला नसता आणि पुढच्या प्रत्येक सहलीत तो आमच्याबरोबर हिंडला असता. तिने ९६ तसेच ठेवले, म्हणून दोष सापडला. तिच्या वहीत आजही ९६ च आहे. शेजारी दुसऱ्या शाईने तपासणीची तारीख आणि 'वजा १' असे लिहिलेले आहे.

तुम्हीही करून पाहा

तुमच्या पुढच्या सहलीत शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग जरूर करा. ११० अंशांपर्यंतचे दोन तापमापक घ्या. निघण्यापूर्वी ते एकाच भांड्यात तपासा आणि फरक लिहून ठेवा. तापमापकाचा फुगा भांड्याच्या तळाला टेकवू नका. पाण्याच्या किंचित वर, वाफेत धरला तर उत्तम. पाण्यात क्षार असले तर पाण्याचे तापमान थोडे चढते, वाफेला तो दोष फारसा लागत नाही. वाफेने हात भाजतो, तेव्हा तापमापक चिमट्यात धरा. रानात आग पेटवू नका. एखाद्या टपरीवर पाणी उकळून मागा. प्रत्येक नोंद तीनदा घ्या आणि जे दिसेल तेच लिहा.

घरची नोंद आईबाबांकडे द्या. तुम्ही शिड्या चढत असताना त्यांना काळजीशिवाय दुसरे काम नसते. हे काम त्यांना आवडेल.

सोमवारी स्टाफरूममध्ये मी सगळी हकिकत सांगितली, माझ्या '९५ लिही'सकट. सहकारी पोटभर हसले. मुलीची पुढची सहल रतनगडाला आहे. तिच्या आईने या खेपेला शिड्यांबद्दल विचारले नाही. तिने एवढेच विचारले, "तापमापक तपासलेत का?"