कथेतील स्त्री आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे

साहित्यातील स्त्रीचित्रणाची चिकित्सा ही विद्यापीठीय समीक्षेची अलीकडील शाखा मानली जाते. मराठीत मात्र तिचा आरंभ १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ या निबंधात दिसतो. त्याच्या कर्त्या ताराबाई शिंदे वऱ्हाडातील बुलढाण्याच्या.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरांच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. त्यांनी एकुलत्या एका मुलीस मराठी, संस्कृत व इंग्रजी घरीच शिकविले. पुढे जावईही घरजावई म्हणून आणला.

निबंधास निमित्त झाले सुरतेच्या एका खटल्याचे. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेस स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य झाली. ‘पुणेवैभव’ पत्राने या निमित्ताने समस्त स्त्रीजातीवर दोषारोप केले. अर्भकाचा पिता कोण, हा प्रश्न कोणी विचारला नाही. ताराबाईंनी तोच धरला.

त्यांची विवेचनपद्धती लक्षणीय आहे. स्त्रीला संशय, अविनय, साहस, कपट इत्यादी दुर्गुणांचे आगर ठरविणारा एक प्रसिद्ध संस्कृत श्लोक आहे. ताराबाई त्यातील एकेक दोष हाती घेतात आणि तो पुरुषांच्या पदरी अधिक कसा, हे दाखवितात. भाषा रोखठोक, बोलीच्या ठसक्याची. संस्कृत पचविलेल्या लेखिकेने ती मुद्दामच निवडली असावी. पुराणकथाही या तपासणीतून सुटत नाहीत. पतीसाठी सावित्री यमाच्या मागे गेली, पण पत्नीसाठी असा कोणता पुरुष गेला, असे त्या विचारतात.

पुराणांपाशी त्या थांबत नाहीत. समकालीन छापील वाङ्मयाकडे वळतात, आणि निबंधाचे वेगळेपण येथेच आहे. ‘स्त्रीचरित्र’, ‘मनोरमा’ नाटक, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) व नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) ही लोकप्रिय पुस्तके त्या विचारात घेतात. या कादंबऱ्या अद्भुतरम्य. त्यांतील स्त्रिया पुरुषांच्या कल्पनेतून उतरलेल्या. अशा पात्रांवरून हाडामांसाच्या स्त्रीचा स्वभाव ठरविणे त्यांना मान्य नव्हते. कादंबरी हा प्रकारच मराठीत जेमतेम पंचवीस वर्षांचा असताना ही जाण आली, हे नमूद करावयास हवे.

युद्धोत्तर जर्मन साहित्यात विजयालक्ष्मी प्रकरणाचे एक दूरचे भावंड आढळते. नोबेल पारितोषिकविजेते हाइनरिख ब्योल यांच्या १९७४ च्या कादंबरीतील काटरिना ब्लूम ही घरकाम करणारी तरुणी. एक वृत्तपत्र तिची अब्रू धुळीस मिळविते आणि अखेर ती त्याच्या वार्ताहरावर गोळी झाडते. तेथे स्त्रीची कैफियत पुरुष कादंबरीकाराने मांडली. बुलढाण्यात ते काम स्त्रीनेच केले होते.

‘तुलना’ पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापली गेली. प्रती ५००, किंमत नऊ आणे. टीका झाली तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये लेखिकेची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे निबंध विस्मृतीत होता. १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रसिद्ध केला आणि १९९४ मध्ये रोझालिंड ओ’हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद निघाला.