मेमरी वाढवली आणि संगणक रुसला!

“नवी मेमरी बसवली की बघ कसा पळतो तो!” असे म्हणत ह्यांनी रविवारी दुपारी संगणक उघडला. आमचा संगणक बराच जुना, मेमरी अवघी ४ जीबी. एखादी फाईल उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. म्हणून मुंबईहून येणाऱ्या भावोजींना लॅमिंग्टन रोडवरून आणखी ४ जीबीची पट्टी आणायला सांगितली होती.

ह्यांनी जुनी पट्टी काढून न्याहाळली, पुन्हा बसवली, शेजारी नवी लावली आणि बटण दाबले. पंखा फिरला, पण पडदा काळाच! वर पीं-पीं अशी शिटी. माझ्या पोटात गोळा आला. नववीच्या दोन तुकड्यांचे गुण त्यात भरलेले, सोमवारी शाळेत द्यायचे. शिवाय मामंजींच्या आवाजातली भजने! ते गेल्यावर तेवढीच तर उरली आहेत. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर न बघताच म्हणाला, “बोर्ड गेला असेल, नवाच घ्या.”

मैत्रिणींनो, अशा वेळी आधी एक लक्षात घ्या. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. ओट्याचे काम अडले म्हणून फडताळातले डबे रिकामे होत नाहीत. साठवलेले गुण, फोटो, गाणी डिस्कवरच असतात.

सासूबाई मात्र शांत. सारा जन्म मालवणात गेलेला. म्हणाल्या, “खारो वारो लागलो आसतलो गो. आदी पुसून तरी बघ!”

आणि तेच निघाले! आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेने बिजागऱ्या गंजतात, तांब्यापितळेची भांडी काळवंडतात. जुन्या पट्टीच्या सोनेरी दातांवरही तसाच थर चढला होता. नवी तर एका बाजूने अर्धवटच बसली होती. मग आम्ही केले ते असे :

१) संगणक बंद करून वायर भिंतीतून काढली. सुरू करायचे बटण दहा सेकंद दाबून धरले. उरलीसुरली वीज निघून जाते.

२) पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावला, कारण अंगातली स्थिर वीज पट्टीला मारक. पट्टी कडेनेच धरावी.

३) खाच जुळते का ते पाहिले. डीडीआर-३ पट्टीला २४० दात असतात, डीडीआर-४ ला २८८. खाचेची जागाही वेगळी. जुळत नसेल तर जोर करू नका, ती पट्टी आपल्या संगणकाची नव्हेच.

४) दातांवरून स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवले. चुरा कोरड्या, मऊ ब्रशने झाडला. पाणी अजिबात नाही.

५) आधी एकटी जुनी पट्टी लावून पाहिली, मग एकटी नवी, शेवटी दोन्ही. प्रत्येक वेळी वायर काढूनच. आणि टोकाची खिटी ‘खट्’ वाजेपर्यंत पट्टी दाबली.

एकटी नवी चालत नसेल तर ती बदलून आणावी. एकेकटी चालतात पण जोडीने नाही, असे झाले तर त्यांचे आपसात जमत नाही असे समजावे. नव्या मेमरीनंतर पहिल्यांदा सुरू व्हायला काही यंत्रे मिनिटभर वेळ घेतात, तेवढा धीर धरावा. हमीची मुदत शिल्लक असेल तर मात्र अटी वाचल्याशिवाय यंत्र उघडू नये.

तिन्हीसांजेला पडदा उजळला. सासूबाईंनी दिवा लावून आधी मामंजींचे भजन लावायला सांगितले. मी त्याच रात्री गुण आणि भजने, दोन्ही पेनड्राइव्हवर उतरवून ठेवली. फडताळालाही कधी वाळवी लागतेच, नाही का?