औषध मारणाऱ्याचा परवाना

पावसाळा तोंडावर आला की नांदेड-लातूरकडील पांढरपेशा घरांत वाळवीची आठवण होते. जुन्या वाड्याची तुळई असो किंवा नव्या बंगल्याची चौकट असो, मातीची ती बारीक रेघ भिंतीवर चढताना दिसली म्हणजे कोणाकडून तरी पत्ता मिळवून औषध मारणारा माणूस बोलाविला जातो. तो येतो, पंप भरतो, खोल्याखोल्यांतून फवारा मारतो, पैसे घेतो आणि निघून जातो. डब्यात काय होते, ते कोणत्या प्रमाणात मिसळले, आणि मुख्य म्हणजे हे काम करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्वारीच्या भावासाठी अर्धा तास हुज्जत घालणारी माणसेही येथे मुकाट असतात. याचे एक कारण भाषेतच असावे. मराठीत या द्रवाला ‘औषध’ म्हणण्याचा प्रघात आहे; आणि औषधाला कोण भिणार?

कायदा मात्र त्याला विष म्हणूनच ओळखतो, आणि ही ओळख त्याला मोठी किंमत देऊन पटलेली आहे. इ. स. १९५८ च्या उन्हाळ्यात केरळात जहाजाने आलेले पीठ खाऊन माणसे पटापट कोसळू लागली. शंभरांहून अधिक बळी गेले. शोधाअंती असे आढळून आले की, त्याच जहाजावर फॉलिडॉल या नावाने विकले जाणारे पॅराथिऑन हे कीटकनाशक होते, व ते गळून धान्याच्या मालात मुरले होते. या प्रकरणाच्या चौकशीचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यानंतर तब्बल दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशक कायदा संमत झाला आणि त्याखालील नियम १९७१ साली निघाले. आजही या व्यवसायाचा सारा व्यवहार याच चौकटीत चालतो.

या चौकटीत दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, व त्यांची गल्लत पुष्कळदा होते. पहिली नोंदणी. ती द्रव्याची असते. फरीदाबाद येथील केंद्रीय नोंदणी समिती प्रत्येक कीटकनाशकाचा उपयोग व धोका तपासून ते कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी आणि किती प्रमाणात वापरावयाचे हे ठरविते. डब्यावरील नोंदणी क्रमांक व रंगीत त्रिकोण ही त्याची खूण होय. लाल त्रिकोण अत्यंत जहाल विषाचा, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. दुसरी गोष्ट परवाना. तो माणसाचा किंवा पेढीचा असतो, आणि तो राज्याच्या कृषी खात्याने नेमलेला परवाना अधिकारी देतो. कापसासाठी नोंदलेले द्रव्य परवानाधारकाने स्वयंपाकघरात फवारले तर परवाना आहे म्हणून ते कृत्य शुद्ध ठरत नाही. आणि घरगुती वापराचे नोंदलेले द्रव्य कोणीही पैसे घेऊन दारोदार मारीत हिंडला तर द्रव्य चांगले म्हणून त्याचा धंदा कायदेशीर ठरत नाही.

हा परवाना मिळविणे पोरखेळ नव्हे. मोबदला घेऊन घरात, गुदामात वा शेतात कीटकनाशक मारणाऱ्या पेढीला तो हवा. अर्जदार शेतकी पदवीधर किंवा रसायनशास्त्र घेऊन विज्ञानाचा पदवीधर असावा, आणि त्याने म्हैसूरची अन्न तंत्रज्ञान संस्था, हापूडची धान्य साठवण संस्था किंवा हैदराबादची वनस्पती संरक्षण संस्था यांसारख्या ठिकाणी किमान पंधरा दिवसांचे शिक्षण घेतलेले असावे, अशी नियमांची अपेक्षा आहे. तेव्हा दारी आलेल्या माणसाकडे परवान्याची प्रत मागणे हा गृहिणीचा उद्धटपणा समजण्याचे कारण नाही.

या कडक अटींचे मर्म समजून घ्यावयाचे तर लातूरच्या बाजारात जावे. तूर, हरभरा आणि सोयाबीन यांची ही मोठी पेठ. डाळीच्या गिरण्या आणि गुदामे यांत पोत्यांच्या थप्प्या महिनोन् महिने पडून असतात, आणि कडधान्यात भुंगा शिरला की व्यापाऱ्याची झोप उडते. अशा वेळी थप्पीवर जाड प्लास्टिकचे आच्छादन घालतात, त्याच्या कडा वाळूच्या नळ्यांनी दाबून बंद करतात आणि आत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवितात. हवेतील ओल लागताच गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू निघतो. तो पोत्यात, दाण्यात, दाण्याच्या आतील अळीपर्यंत पोहोचतो; आणि आच्छादनाला भोक असेल तर शेजारच्या खोलीत निजलेल्या राखणदारापर्यंतही पोहोचतो. या विषावर उतारा नाही. म्हणूनच या गोळ्या फक्त शासकीय संस्था व परवानाधारक धुरीकरण करणारे यांनाच मिळाव्यात असा निर्बंध आहे, आणि दहा व वीस गोळ्यांच्या सुट्या नळ्या तर २००१ साली पूर्णतः बंद करण्यात आल्या. धान्यात घालावयास म्हणून घरोघरी गेलेल्या त्या गोळ्या आत्महत्येचे साधन झाल्या होत्या, हे येथे निराळे सांगावयास नको.

घर झाले, गुदाम झाले. शेताकडे वळताच कायद्याची ही चौकट एकाएकी उघडी पडते. कलम ३८ प्रमाणे स्वतःच्या घरगुती उपयोगासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतःच्या वहिवाटीतील जमिनीसाठी कीटकनाशक वापरणाऱ्यास हा कायदा लागूच नाही. ही सवलत गैर होती असे म्हणवत नाही. दोन एकरांच्या धन्याने कपाशीवर फवारा मारण्यासाठी कचेरीत खेटे घालावेत, अशी कोणाचीच इच्छा नसणार. परंतु धनी शहरात राहतो, आणि पाठीवर पंप असतो तो सालगड्याच्या किंवा रोजंदाराच्या. जमीन धन्याच्या वहिवाटीतली म्हणून कायदा बांधावरच थांबतो, आणि त्याच्याबरोबर मजुराच्या रक्षणाचे नियमही थांबतात. ते नियम वाचण्यासारखे आहेत. फवारणीच्या नोकरीत असलेल्या माणसाची दर तिमाहीस वैद्यकीय तपासणी व्हावी. ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील विषे हाताळणाऱ्याच्या रक्ताची दरमहा परीक्षा व्हावी. मालकाने हातमोजे, बूट, श्वसनाचे साधन आणि प्रथमोपचाराची सोय पुरवावी.

रक्ताची परीक्षा कशासाठी? शरीरात कोलिनएस्टरेज नावाचे एक द्रव्य असते. मज्जातंतूंनी स्नायूला दिलेला इशारा पोहोचला की तो पुसून टाकणे हे त्याचे काम. ही विषे तेच द्रव्य जखडून ठेवितात. मग इशारा पुसलाच जात नाही. घाम व लाळ वाहू लागते, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, स्नायू थरथरतात, आणि अखेर श्वास अडतो. त्यासाठी विष पोटात जावेच लागते असे नाही. घामाने भिजलेल्या अंगावरच्या सदऱ्यातूनही ते शिरते, आणि रोज थोडे थोडे शिरले तरी लक्षणे दिसण्यापूर्वीच रक्तातील हे द्रव्य घटू लागते. वेळीच तपासणी झाली तर माणसाला काही दिवस कामावरून दूर ठेवून वाचविता येते.

पैनगंगेच्या अलीकडे नांदेड जिल्ह्यातील माहूर व किनवट, पलीकडे यवतमाळ. जमीन तीच, कपाशीही तीच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळच्या शेतांत कपाशी पुरुषभर उंच वाढली होती, किडीचा जोर होता, आणि दोन-तीन कीटकनाशके एकत्र कालवून फवारे चालले होते. डोक्याच्या उंचीवर उडालेला फवारा मारणाऱ्याच्याच तोंडावर येत होता. शेकडो माणसे रुग्णालयात दाखल झाली आणि वीसांहून अधिक दगावली. त्यांत शेतकरी होते तसे मजूरही होते. राज्य शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. लेबलावरील त्रिकोण डब्याडब्यावर होते. परंतु दोन डबे एकत्र केल्यावर होणाऱ्या मिश्रणाचा त्रिकोण कोणत्याच डब्यावर छापलेला नसतो.

अलीकडे फवारणीसाठी ड्रोन आले आहेत. आकाशातून फवारणी करावयाची तर किमान चोवीस तास आधी लोकांना सूचना द्यावी, संबंध नसलेली माणसे व गुरे त्या क्षेत्रात येऊ देऊ नयेत, आणि वैमानिकाला विषबाधेची लक्षणे शिकविलेली असावीत, असे १९७१ च्या नियमांत विमानांसाठी लिहिलेलेच होते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने ड्रोनसाठी स्वतंत्र कार्यपद्धती घालून दिली. ड्रोन चालविणाऱ्याला रीतसर शिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. हा चालक बांधावर, फवाऱ्यापासून दूर उभा असतो. शेजारच्या शेतात त्याच द्रव्याची टाकी पाठीवर घेऊन ओल्या कपाशीतून चालणाऱ्या रोजंदाराकडे मात्र प्रमाणपत्र कोणी मागत नाही, आणि त्याच्या रक्ताची परीक्षाही कोणी करवीत नाही.