घर ओढणारी गाडी कशी निवडावी?

युरोप-अमेरिकेत उन्हाळ्याची सुटी लागली की रस्त्यांवर एक मौजेचे दृश्य दिसू लागते. पुढे मोटार आणि तिच्या मागे जोडलेले चाकांवरचे छोटेसे घर! आत झोपायला बाके, स्वयंपाकाला शेगडी, पाण्याची टाकी, कपड्यांचे कपाट. या घराला इंग्लंडात ‘कॅरॅव्हॅन’ आणि अमेरिकेत ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. हौसेखातर अशा घरातून हिंडण्याची प्रथा मोटारीहून जुनी आहे. ब्रिटिश आरमारातील एक निवृत्त डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ‘वाँडरर’ नावाचे असे घर खास बांधवून घेतले होते. ते ओढायला दोन घोडे लागत.

पुढे घोड्यांची जागा मोटारीने घेतली आणि एक प्रश्न उभा राहिला. अमुक वजनाचे घर ओढायचे असेल तर गाडी कोणती निवडावी?

‘जास्त अश्वशक्तीची’ असे उत्तर चटकन ओठांवर येते. पण ते अपुरे आहे आणि प्रसंगी धोक्याचेही आहे. घर ओढणे हे गाडीच्या दृष्टीने त्यातल्या त्यात सोपे काम. ते वेळेवर थांबवणे आणि सरळ रेषेत राखणे ही खरी अवघड कामे होत. हे कसे, ते आपण आकडेमोड करून पाहू.

ओढायला शक्ती किती लागते?

समजा, सामानसुमान भरलेल्या ट्रेलरचे वजन १,००० किलोग्रॅम आहे आणि मोटारीचे १,२०० किलोग्रॅम. (किलोग्रॅम हे खरे तर वस्तुमानाचे एकक, येथे आपण रोजच्या बोलण्याप्रमाणे ‘वजन’ म्हणू. हिशेब सोपा व्हावा म्हणून प्रवासीही सोडून देऊ.) दोहोंचे मिळून झाले २,२०० किलोग्रॅम.

ही जोडी सपाट रस्त्यावरून ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने चालली आहे. तिला दोन विरोध होतात. पहिला टायरांच्या लोळण्याचा. चांगल्या रस्त्यावर तो वजनाच्या सुमारे दीड टक्का धरला तर ३२० न्यूटन होतो. दुसरा हवेचा. ट्रेलर मोटारीपेक्षा उंच आणि पेटीसारखा चौकोनी असल्यामुळे हा विरोध बराच मोठा असतो. ट्रेलरचा दर्शनी भाग ५ चौरस मीटर आणि आकाराचा गुणांक ०.६ धरला, तर तो ८९० न्यूटनच्या आसपास येतो. एकूण बल १,२१० न्यूटन. बलाला वेगाने गुणले की शक्ती मिळते. येथे ती सुमारे २७ किलोवॅट, म्हणजे ३६ अश्वशक्ती भरते.

आता चढ घेऊ. दर १० मीटर अंतराला १ मीटर चढणारा रस्ता असेल, तर गुरुत्वाकर्षणाचा मागे खेचणारा भाग सुमारे २,१५० न्यूटन होतो. चालकाने वेग ताशी ३६ किलोमीटरवर आणला, तर हवेचा विरोध १८० न्यूटनपर्यंत उतरतो. टायरांचा तेवढाच राहतो. बेरीज झाली २,६५० न्यूटन. वेग सेकंदाला १० मीटर. शक्ती पुन्हा २७ किलोवॅटच्या आतच!

आजच्या साध्या लहान मोटारींची इंजिनेही ५०-६० किलोवॅट सहज देतात. तेव्हा वेगाची घाई नसेल तर ओढण्यापुरती शक्ती साध्या मोटारीतही असते. मग अडते कोठे?

इंजिन जोरात, पण चाक जागेवर

इंजिन कितीही जोरदार असो, गाडी पुढे जाते ती टायर आणि रस्ता यांमधल्या घर्षणामुळे. हे घर्षण किती मिळणार, हे चालणाऱ्या चाकांवर भार किती आहे यावर ठरते. आजच्या बहुतेक लहान मोटारींत इंजिन पुढची चाके फिरवते. सपाटीवर आपल्या मोटारीच्या पुढच्या चाकांवर सुमारे ७०० किलोग्रॅम भार असेल. चढावर मात्र भार मागे सरकतो, आणि ट्रेलर तर मागूनच खेचत असतो.

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात सटन बँक नावाचा प्रसिद्ध घाट आहे. तेथे चढ काही ठिकाणी ‘चारास एक’ इतका खडा आहे. आपली जोडी तेथे नेली तर वर चढायला सुमारे ५,५०० न्यूटन बल लागेल. पुढच्या चाकांवर तेव्हा जेमतेम ६०० किलोग्रॅम भार उरतो. कोरड्या रस्त्याचा घर्षणगुणांक ०.७ धरला, तर त्या चाकांना ४,००० न्यूटनच बल मिळते. म्हणजे इंजिन गर्जत राहील, चाके जागीच फिरतील आणि गाडी तसूभरही पुढे सरकणार नाही. या घाटात कॅरॅव्हॅनना बंदी आहे, ती किती रास्त आहे हे यावरून ध्यानात येईल.

असाच खेळ आपल्याकडे उसाच्या हंगामात दिसतो. उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके चढावर जमीन सोडून उचलली जातात. ट्रॅक्टरला जोर देणारी मोठी चाके मागे असतात, म्हणून तो पुढे जात राहतो. पण दिशा देणारी चाके हवेत असल्यामुळे तो चालकाच्या हाती राहत नाही.

उलाळ आणि धुरजड

बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्याला दोन शब्द चांगले ठाऊक असतात. भार चाकांच्या मागे जास्त झाला की जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळतात. ही गाडी ‘उलाळ’ झाली. भार पुढे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर दाबते. ही गाडी ‘धुरजड’ झाली. जाणता गाडीवान पोती पुढेमागे सरकवून गाडी किंचित धुरजड ठेवतो.

ट्रेलरचा नियम अगदी हाच आहे. ट्रेलरचे पुढचे टोक मोटारीच्या मागच्या गोळ्यावर बसवलेले असते. त्या गोळ्यावर पडणारा भार ब्रिटनमध्ये ट्रेलरच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवण्याची शिफारस असते. अमेरिकेत १० ते १५ टक्के. आकडे वेगळे, पण उलाळ ट्रेलर दोन्हीकडे वर्ज्य.

हा भार मोटार कसा सोसते? तरफेचा नियम लावून पाहा. मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे. जोडणीचा गोळा मागच्या चाकांच्या १ मीटर मागे आहे, आणि त्यावर ७० किलोग्रॅम भार आहे. मागची चाके हा टेकू. म्हणजे पुढची चाके ७० भागिले २.५, अर्थात २८ किलोग्रॅमने हलकी होतात, आणि मागच्या चाकांवर ७० नव्हे तर ९८ किलोग्रॅम भार वाढतो. गोळा जितका मागे, तितका हा परिणाम मोठा. म्हणून चाकांमधले अंतर लांब आणि मागचे शेपूट आखूड, अशी मोटार ओढायला चांगली.

थांबवण्याचा हिशेब

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक लावल्यास सुमारे ३६ मीटरांत थांबू शकते. (चालकाला धोका ओळखून ब्रेक दाबायला लागणाऱ्या वेळातले अंतर वेगळे.) आता तिच्यामागे ६०० किलोग्रॅमचा बिनब्रेकचा ट्रेलर जोडला. थांबवणारे बल तेवढेच, पण थांबवायचे वस्तुमान दीडपट. अर्थात अंतरही दीडपट, म्हणजे ५४ मीटर. ज्या मुलाच्या अलीकडे मोटार थांबली असती, त्याच्या पलीकडे ती १८ मीटर जाईल.

एवढ्याने भागत नाही. ब्रेक लावताच ट्रेलर जडत्वाने मोटारीला मागून ढकलतो. वळणावर हा धक्का तिरका बसतो आणि मोटार व ट्रेलर चाकूच्या पात्यासारखे एकमेकांवर मिटू शकतात. म्हणूनच युरोपात ७५० किलोग्रॅमपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. त्यांची रचना मोठी चतुर आहे. मोटार मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने जोडणीतला दांडा आत सरकतो आणि तोच ट्रेलरचे ब्रेक लावतो. ढकलणाऱ्या बलालाच रोखण्याच्या कामी जुंपले! अमेरिकेत विजेवर चालणारे ब्रेक जास्त प्रचारात आहेत. ते चालकाला आपल्या जागेवरून लावता येतात.

लांब उतारावर आणखी एक शत्रू भेटतो, तो म्हणजे उष्णता. आपली २,२०० किलोग्रॅमची जोडी १,००० मीटर उंचीवरून खाली आली, तर सुमारे दोन कोटी पंधरा लक्ष ज्यूल ऊर्जा कोठेतरी खर्ची पडायला हवी. एवढ्या ऊर्जेत २५ अंशांचे ६८ लिटर पाणी उकळीला येईल. ती सारी ब्रेकमध्ये गेली तर ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाच्या विरोधाचा उपयोग करून घ्यावा. बैलगाडीने घाट चढताना जितकी काळजी, त्याहून जास्त उतरताना घ्यावी लागते, हे जुने शहाणपण येथेही लागू आहे.

शेपूट डोलू लागले तर

सर्वांत घातक प्रकार सपाट, सरळ रस्त्यावरच घडतो. वाऱ्याचा झोत आला किंवा शेजारून मोठी मालमोटार गेली की ट्रेलर एका बाजूला किंचित झुकतो. टायर त्याला परत आणतात, तो दुसऱ्या बाजूला जातो. लंबकासारखे हे आंदोलन. वेग कमी असेल तर दोन-तीन हेलकाव्यांत ते शमते. पण प्रत्येक जोडीचा एक निर्णायक वेग असतो. त्यापलीकडे गेल्यास आंदोलन शमण्याऐवजी वाढू लागते, कारण गाडीच्या पुढे जाण्याच्या गतीतूनच त्याला ऊर्जा मिळत राहते. काही सेकंदांत ट्रेलर मोटारीला घेऊन उलटू शकतो.

हा निर्णायक वेग उंचावण्याचे उपाय आपण पाहिलेल्या गोष्टींतच आहेत. ट्रेलर उलाळ नको. जड सामान खाली आणि आसाजवळ असावे, दोन टोकांना नसावे. टोकांना ठेवलेले वजन एकदा डोलू लागले की थांबवणे कठीण. ओढणारी मोटार ट्रेलरपेक्षा जड असावी. आणि मुख्य म्हणजे वेग मर्यादेत ठेवावा. ट्रेलर ओढताना ब्रिटनमध्ये महामार्गावर ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर, अशी मर्यादा आहे. जर्मनीत ती सर्वसाधारणपणे ८० किलोमीटर आहे. हेलकावे सुरू झालेच तर वेग वाढवून त्यातून सुटण्याचा प्रयत्न करू नये आणि सुकाणूचक्राशी झटापटही करू नये. वेगवर्धकावरून पाय काढावा, चक्र सरळ धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा.

हे घरी करून पाहता येते. पुठ्ठ्याच्या खोक्याला मधोमध दोन चाके लावून ट्रेलर करा. तो खेळण्यातल्या मोटारीला सैल फिरेल असा खिळ्याने जोडा आणि ही जोडी तिरप्या फळीवरून सोडा. एकदा मातीचा गोळा खोक्यात चाकांच्या पुढे ठेवा, एकदा मागे. दोन्ही वेळा वाटेत खोक्याला बोटाने हलकेच टिचकी मारा. फरक डोळ्यांनी दिसेल.

तर मग निवड कशी करावी?

आधी गाडी आणि मग ट्रेलर, असा उलटा विचार न करता ट्रेलरपासून सुरुवात करावी. त्याचे वजन रिकामे नव्हे, भरलेले धरावे. ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलोग्रॅम. भांडी, अंथरुणे, खुर्च्या यांची बेरीज पाहता पाहता शेकड्यात जाते. ब्रिटनमध्ये नवख्यांना असा सल्ला देतात, की भरलेल्या ट्रेलरचे वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. या हिशेबाने १,००० किलोग्रॅमच्या ट्रेलरला निदान १,१७६ किलोग्रॅमची मोटार हवी. आपण घेतलेली १,२०० किलोग्रॅमची मोटार कशीबशी बसते.

त्यानंतर मोटारीच्या कारखान्याने ठरवून दिलेल्या मर्यादा पाहाव्यात. किती वजन ओढता येईल, जोडणीवर किती भार चालेल आणि मोटारीत एकूण किती ओझे ठेवता येईल, या तिन्ही मर्यादा पाळाव्या लागतात. पुष्कळदा ओढण्याची मर्यादा दूर असते, पण माणसे, सामान आणि जोडणीवरचा भार मिळून मोटारीतल्या ओझ्याची मर्यादा आधीच ओलांडतात. विजेवर चालणाऱ्या मोटारी वजनाने भारी आणि निघताना जोरकस असल्याने या कामाला सोयीच्या वाटतात. परंतु त्यांच्यापैकी सर्वांना ट्रेलर ओढण्याची परवानगी नसते, आणि हवेचा विरोध वाढल्याने एका भारणात जाण्याचे अंतर बरेच घटते.

अश्वशक्तीचा विचार या सर्वांनंतर करावा. शक्ती थोडी कमी पडली तर फार तर प्रवासाला उशीर होईल. वजन, ब्रेक किंवा तोल यांत चूक झाली, तर पुढे गेलेली गाडी परत घरी येईलच असे नाही.