वनपतीचं पान

इस्पिक, बदाम, किल्वर, चौकट. चार रंग, बावन्न पानं. गुलामचोर आणि बदाम सात खेळत मोठे झालेल्या आपल्याला पत्ते म्हणजे एवढंच वाटतं. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-ए-अकबरी’त ज्या जुन्या पत्त्यांचं वर्णन केलंय, त्यांत मात्र रंग बारा होते आणि पानं १४४. या खेळाचं नाव गंजिफा. बाबरने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा भेट म्हणून पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात सापडते.

प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि एक ते दहा अशी पानं. गंमत आहे ती राजांच्या यादीत. अश्वपतीची ताकद घोड्यांत, गजपतीची हत्तींत, गढपतीची किल्ल्यात, धनपतीची खजिन्यात, दलपतीची फौजेत, नौपतीची नावांत. सुरपती देवांचा राजा, अहिपती सापांचा. आणि अकरावा वनपती. त्याच्या राजाच्या पानावर वाघ आणि भोवती काही जनावरं, वजीर म्हणून बिबट्या, उरलेल्या दहा पानांवर रानातली श्वापदं. ताडोबाच्या आसपास राहणारा माणूस हे वाचून हसेल. तिथे बिबट्या वाघाचा वजीर होत नाही, वाघाची चाहूल लागली की झाड गाठतो.

पण गंजिफाचा आणि या मुलखाचा संबंध वाघापुरता नाही. याच ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना अबुल फजल चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजाकडे वळतो. त्याच्या पदरी १,००० घोडेस्वार आणि ४०,००० पायदळ आहे, म्हणतो. त्याच्या ताब्यातल्या वैरागडला हिऱ्यांची खाण आहे, नक्षीचं कापड तिथे विणलं जातं, आणि आसपास रानहत्ती पुष्कळ. हे वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यात आहे.

आता ही नोंद आणि ती पत्त्यांची यादी शेजारी ठेवून बघा. चांद्याचा राजा जणू हातात पानं घेऊनच बसलाय! अश्वपती त्याच्याकडे बेताचा, हजार घोड्यांचा. दलपती जबर. वैरागडच्या हिऱ्यांमुळे धनपती हातात, रानहत्तींमुळे गजपती हातात. गढपती म्हणावं तर चंद्रपूरचा परकोट आजही उभा आहे, आणि त्याच्या दरवाजांवर हत्तीवर चढलेला सिंह कोरलेला आहे. वनपती तर घरचाच. कच्चा फक्त नौपती, कारण वैनगंगेतल्या डोंग्यांवर काही आरमार उभं राहत नाही. अबुल फजलने या दोन गोष्टी जोडलेल्या नाहीत, हा खेळ आपला. पण राज्य कशाच्या बळावर उभं राहतं, या एकाच प्रश्नाचं उत्तर ती यादीही देते आणि ती नोंदही. जुन्या पत्त्यांची चित्रं गोळा करण्यातला खरा आनंद इथे आहे. पानावर काय काढलंय यावरून, त्या काळी लोक कशाला मोल देत होते ते कळतं.

खेळ दख्खनेत पसरला तशी चित्रं बदलली. आपल्याकडच्या दशावतारी गंजिफात दहा रंग आणि १२० पानं. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात परशू. पानावर आकडा नसतो. पाच कासवं दिसली की ती कूर्माची पंजी. अक्षर न आलेलं पोरही मोजून खेळू शकतं. तिघांत चाळीस-चाळीस पानं वाटली जातात. दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री मांडला तर कृष्णाचा. शिवाय एक अवघड वळण आहे. निम्म्या रंगांत राजा-वजिराखाली दश्शी वरचढ, निम्म्या रंगांत एक्का. कोणती पानं पडून गेली हे ध्यानात ठेवताना भल्याभल्यांचा घाम निघतो.

पानं गोल, बिस्किटाएवढी. जुन्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, घोटून गुळगुळीत करायचे, रंगवायचे, वर लाखेचा हात द्यायचा. पाठ एकरंगी, म्हणजे खूण करून लबाडी नको. श्रीमंतांचे संच हस्तिदंताचे असत. चंद्रपूरला लागून असलेल्या तेलंगणात निर्मलचे नक्काश गंजिफा रंगवत. महाराष्ट्रात ही कला टिकली ती सावंतवाडीत. पुंडलिक चितारी या कारागिराकडून ती तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी शिकून घेतली आणि १९७० च्या दशकात राजवाड्यातच काम सुरू केलं. आजही तिथे कारागीर बसलेले दिसतात. मुंबईत राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी हयातभर गंजिफा जमवल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या संचांची सूची त्यांनीच केली, ती १९८२ मध्ये निघाली.

२०२१ मध्ये रानहत्तींचा कळप छत्तीसगडकडून गडचिरोलीत उतरला आणि इथेच रमला. अबुल फजलच्या नोंदीतलं ‘रानहत्ती पुष्कळ’ पुन्हा थोडंफार खरं झालं. तेव्हा आरमोरी-चिमूरच्या शाळांतल्या मुलांनी आता आपापल्या जिल्ह्याची गंजिफा रंगवायला हरकत नाही. वाघ, हत्ती, मोह, तेंदूपत्ता, बांबू, कोळसा, लोखंड, धान… रंगांना तोटा नाही. या सगळ्यांत वरचढ कोण, हे मात्र मोठ्यांनी सांगू नये. ते पोरांनी भांडूनच ठरवावं.